आपला पंचनामा आपणच करायचा

ताई, नमस्कार.

आमचं घर कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसजवळच्या अल्टाडीनात होतं. ७ जानेवारी २०२५ च्या रात्री ईटन वणव्यात ते गेलं. पासपोर्टांची पिशवी, मुलीचं दप्तर आणि अंगावरचे कपडे एवढंच घेऊन आम्ही निघालो. विमा कंपनीने घराचे पैसे दिले, पण तेवढ्यात घर पुन्हा उभं राहत नाही. सामानाची यादी अजून अर्धीच झाली आहे. लिहायला बसले की हात चालत नाही. वकिलांचे फोन सतत येतात. जिच्या तारांमुळे आग लागल्याचा संशय आहे त्या वीज कंपनीनेही (सदर्न कॅलिफोर्निया एडिसन) भरपाईची योजना काढली आहे. तिथे थेट अर्ज करावा की दावा लावावा, समजत नाही. यजमान म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, मिळालं त्यात भागवू. शिवाय आम्ही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत, उद्या ग्रीन कार्डाला अडचण आली तर? मुलगी इथेच जन्मली आहे. सासऱ्यांचा मिरजेचा तंबोरा, आईच्या दोन पैठण्या, बाबांची पत्रं, यांची काय किंमत लावणार? आणि खरं सांगू, माणसं गेली तिथे मी पैशांचा विचार करते याची मलाच लाज वाटते.

– एक वाचक, सध्या भाड्याच्या घरात


नमस्कार.

तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते, कारण ते मोकळं झाल्याशिवाय बाकीचं काही हातून होणार नाही. ईटन वणव्यात १९ माणसं गेली आणि ९,४०० हून जास्त इमारती जळाल्या. आपण जिवंत बाहेर पडलो, मग मागायचं कोणत्या तोंडाने, असं वाचलेल्यांना वाटतं. हे मी अनेकांकडून ऐकलं आहे. पण तुम्ही भरपाई मागितलीत म्हणून कुणाच्या वाट्याचं दुःख कमी होत नाही आणि तुम्ही गप्प राहिलात म्हणून कुणाला जास्त मिळत नाही. तुमचं घर होतं, ते गेलं. कुणाच्या यंत्रणेमुळे गेलं असेल, तर तो हिशेब त्यांच्याकडे मागणं ही हाव नाही. लाज तुम्ही बाळगायचं काही कारण नाही.

आता यजमानांची म्हण. ती आपल्याकडे उगाच रुजलेली नाही. बांधाच्या भांडणात तीन पिढ्या तारखा पाहिलेली माणसं आपण. पण कॅलिफोर्नियात वणव्याचे दावे तसे चालत नाहीत. हजारो कुटुंबांचे दावे एका न्यायाधीशापुढे एकत्र आणतात, तरी प्रत्येक घराचं नुकसान स्वतंत्र मोजतात. त्यातले नमुन्यादाखल काही खटले आधी चालवतात, आणि त्यांच्या रागरंगावरून बाकीच्यांची तडजोड होते. बहुतेक कुटुंबं कधी साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहत नाहीत. कागद देणं, प्रश्नावली भरणं, फार तर एकदा शपथेवर जबाब देणं. वेळ मात्र लागतो. महिने नाही, वर्षं.

किती वर्षं आणि हाती काय, हे पाहायचं तर कॅम्प फायर हा वणवा पाहा. ८ नोव्हेंबर २०१८ ला उत्तर कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज गाव जळालं. ८५ माणसं गेली, १८ हजारांहून जास्त इमारती गेल्या. जवळजवळ शंभर वर्षं जुन्या वीजवाहिनीच्या मनोऱ्यावरचा, तार टांगून धरणारा एक झिजलेला लोखंडी आकडा तुटला होता. ती वाहिनी ज्यांची, त्या पीजी अँड ई या वीज कंपनीने जानेवारी २०१९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जून २०२० मध्ये ८४ मृत्यूंबद्दलचे मनुष्यवधाचे आरोप कोर्टात कबूल केले. हा आणि त्याआधीचे काही वणवे मिळून पीडितांसाठी १३.५ अब्ज डॉलरचा विश्वस्त निधी ठरला, पण त्यातला निम्मा रोख आणि निम्मा त्याच कंपनीच्या शेअरमध्ये. पैसे हप्त्याहप्त्याने आले, आणि मंजूर रकमेच्या ७० टक्क्यांच्या आसपास पोहोचायलाच काही वर्षं गेली.

या प्रकरणातली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. दिवाळखोरीत मागणी नोंदवायची मुदत ऑक्टोबर २०१९ ची होती. ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली, कारण हजारो पीडितांनी अर्जच केला नव्हता. कुणी तंबूत होतं, कुणी दुसऱ्या राज्यात नातेवाइकांकडे. आणि पुष्कळांना तुमच्यासारखंच वाटत होतं, की आपल्याला विमा मिळाला, आपण कशाला. यजमानांना हे नक्की सांगा. (त्या दिवाळखोरीनंतर २०१९ मध्येच राज्याने सुमारे २१ अब्ज डॉलरचा वणवा निधी उभारण्याचा कायदा केला. कंपनी बुडाली तर आपलं काय, ही भीती तेव्हाइतकी आज नाही.)

विमा मिळाला म्हणजे प्रकरण मिटलं, हा समज खोटा आहे. विमा तुमच्या पॉलिसीच्या मर्यादेपर्यंत. घर उभं करायला त्याहून जास्त लागत असेल तर तो फरक, पॉलिसीत न बसलेलं सामान, भाड्याची मुदत संपल्यानंतरचं भाडं, बुडालेला पगार, मुलीची शाळा बदलल्याचा खर्च, अंगणातली झाडं, आणि त्या रात्रीपासून जो मानसिक त्रास चालू आहे तो, हे सगळं जबाबदार ठरणाऱ्याकडे मागता येतं. एकाच नुकसानाचे पैसे दोनदा मिळत नाहीत, म्हणून विम्याची रक्कम वजा होते. आणि विमा कंपनीने तुम्हाला दिलेले पैसे ती स्वतः वीज कंपनीकडून वसूल करायला बघते. वणव्यांच्या दाव्यांत विमा कंपन्या रांगेत पुढे असतात. त्या पायरी चढताना संकोच करत नाहीत. फक्त घर ज्यांचं जळलं ते करतात.

कायद्याचा आधार थोडक्यात सांगते, कारण तो कळला की मनातला अपराधीपणा उतरतो. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत तत्त्व आहे की सार्वजनिक उपयोगासाठी कुणाची खाजगी मालमत्ता घेतली किंवा तिचं नुकसान झालं, तर योग्य मोबदला द्यायलाच हवा. तिथल्या कोर्टांनी हे तत्त्व खाजगी वीज कंपन्यांनाही लावलं आहे. विजेच्या तारा सगळ्यांच्या सोयीसाठी जातात, तर त्यांच्यापायी झालेला तोटा एकट्या घराच्या डोक्यावर का? म्हणून या मुद्द्यावर कंपनीचा निष्काळजीपणा सिद्ध करावाच लागतो असं नाही. तिच्या यंत्रणेमुळे आग लागली एवढं दाखवावं लागतं. मानसिक त्रासाची भरपाई मात्र या मुद्द्यावर मिळत नाही. ती मागायची तर निष्काळजीपणासारखे इतर मुद्देही मांडावे लागतात, आणि वकील ते सोबतच मांडतात. तुमच्या वणव्याबाबत लॉस एंजेलिस काउंटीने (म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने) मार्च २०२५ मध्ये आणि केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये वीज कंपनीवर दावे लावले आहेत. सरकारला कोर्टात जाणं कमीपणाचं वाटलं नाही.

मुदती. कॅलिफोर्नियात मालमत्तेच्या नुकसानीसाठी साधारण तीन वर्षं, म्हणजे तुमच्या बाबतीत जानेवारी २०२८ च्या आत. शारीरिक इजा किंवा मृत्यू असेल तर दोनच वर्षं. धुराने तुमच्यापैकी कुणाचा दमा बळावला असेल, तर ही दुसरी मुदत तुमचीही आहे हे ध्यानात ठेवा. काउंटी, शहर अशा सरकारी संस्थेविरुद्ध मागणी असेल तर मुदती फार आखूड, मुद्द्यानुसार सहा महिने किंवा एक वर्ष, आणि त्या तुमच्यासाठी बहुधा उलटून गेल्या आहेत. बाकीच्या तुमच्या हातात आहेत. तारखा फ्रिजवर चिकटवा, फोनमध्येही टाका. "बघू नंतर" म्हणत मुदत गेली की मग कितीही खरं दुःख असलं तरी कोर्ट ऐकत नाही.

आता वीज कंपनीची योजना. ती वाईटच असेल असं मी म्हणणार नाही. अर्जाची मुदत ३० नोव्हेंबर २०२६ आहे, आणि खटल्यापेक्षा पैसे लवकर मिळू शकतात. ज्यांचं भाडं थकलं आहे किंवा ज्यांना म्हातारपणी पाच वर्षं वाट पाहणं शक्य नाही, त्यांना हा मार्ग खरोखर सोयीचा ठरू शकतो. पण एक गोष्ट स्वच्छ समजून घ्या. रक्कम स्वीकारताना तुम्ही सही करता ती "यापुढे या आगीबद्दल कंपनीकडे काहीही मागणार नाही" अशा कागदावर. ती सही परत घेता येत नाही. म्हणून अर्ज करणं वेगळं आणि स्वीकारणं वेगळं. देऊ केलेला आकडा हातात घ्या आणि त्याच्या शेजारी स्वतःचा आकडा ठेवा: बांधकामाचं लेखी अंदाजपत्रक, यादीतलं सामान, भाडं, बाकी खर्च, वजा विमा. हा स्वतःचा आकडा ज्याच्याकडे नाही त्याला समोरचा कोणताही आकडा मोठा वाटतो. तुमची यादी अर्धवट असताना सही करू नका. आणि वकिलाकडून हा एक कागद वाचून घ्यायला पैसे द्यावे लागले तरी द्या. मी इथे लिहिते ती सर्वसाधारण माहिती आहे, तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत.

व्हिसाबद्दल. दिवाणी दावा लावायला नागरिक असावं लागत नाही, ग्रीन कार्डही लागत नाही. नुकसानभरपाई म्हणजे सरकारी मदत नव्हे. तुमच्या ग्रीन कार्डाच्या अर्जाचे वकील असतीलच, त्यांच्या कानावर घाला, म्हणजे यजमानांना रात्री झोप लागेल. केंद्र सरकारच्या आपत्ती मदतीचं मात्र वेगळं आहे. एच-वन-बीवरच्या माणसाला फेमा या केंद्रीय आपत्ती संस्थेची रोख मदत स्वतःच्या नावावर मिळत नाही, पण घरात नागरिक असलेलं मूल असेल तर त्याच्या नावाने कुटुंबाला अर्ज करता येतो. तुमची मुलगी इथे जन्मली आहे. तुम्ही तेव्हा अर्ज केला होता का, हे पत्रात नाही. केला असेल तर त्याचे कागद जपून ठेवा. पुढच्या हिशेबात तेही विचारतात, कारण एका खर्चाला दोन ठिकाणून पैसे घेता येत नाहीत.

वकिलांचे फोन. फोन करून, दारात येऊन किंवा माणसं पाठवून गिऱ्हाईक ओढणाऱ्यांपासून लांब राहा. कॅलिफोर्नियात वकिलासाठी असं गिऱ्हाईक गोळा करणं बेकायदा आहे, आणि जो सुरुवातच तशी करतो त्याच्याकडून पुढे काय अपेक्षा ठेवायची? वकिलांना परवाने देणाऱ्या स्टेट बारच्या संकेतस्थळावर वकिलाचं नाव घातलं की परवाना चालू आहे की नाही आणि काही शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, हे दोन मिनिटांत दिसतं. हे वकील बहुतेक वेळा आधी पैसे घेत नाहीत, मिळालेल्या रकमेतला वाटा घेतात. हा वाटा साधारण पाव हिश्शापासून ४० टक्क्यांपर्यंत असतो आणि तो ठरवता येतो. घासाघीस करायला लाजू नका. भाजी घेताना करतो, इथे तर घराचा प्रश्न आहे. विचारायचं ते हे: टक्केवारी खर्च वजा करण्याआधीच्या रकमेवर की नंतरच्या? दावा हरलो तर तज्ज्ञांचा आणि कोर्टाचा खर्च कुणाच्या माथी? माझ्या विम्याच्या पैशांना तुम्ही हात लावणार नाही, हे करारात लिहाल का? आणि मी फोन केला तर उचलणार कोण? हजारो अशील घेतलेल्या मोठ्या कार्यालयांत शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फार महत्त्वाचं असतं. "आज सही केलीत तरच" असं जो म्हणेल त्याला नमस्कार करा.

आता यादी. मला वाटतं तुमची खरी अडचण कोर्ट नाही, ही यादी आहे, आणि ती तुम्ही टाळता याचं मला जराही नवल वाटत नाही. आपल्याकडे पूर आला की तलाठी येतो, चिखलात उभा राहून पंचनामा करतो. ओरडा होतो, भांडणं होतात, पण कुणीतरी दुसरा लिहितो. इथे कुणी येत नाही. जळालेल्या प्रत्येक चमच्याचा पंचनामा ज्याचा चमचा त्यानेच करायचा. ही क्रूर गोष्ट आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने ती थोडी हलकी केली आहे: तुमच्या वणव्याच्या वेळी, म्हणजे जानेवारी २०२५ मध्ये, लागू असलेल्या नियमानुसार आणीबाणी जाहीर झालेल्या आपत्तीत घर पूर्ण गेलं असेल तर यादी न मागता घराच्या विमारकमेच्या किमान ३० टक्के, २,५०,००० डॉलरच्या मर्यादेत, सामानापोटी देऊ करणं विमा कंपनीला बंधनकारक होतं. तुम्हाला तसं मिळालं नसेल तर लेखी विचारा. पॉलिसीची पूर्ण प्रतही लेखी मागा, ३० दिवसांत द्यावी लागते. पण त्या ३० टक्क्यांच्या वरचं मागायला, आणि वीज कंपनीकडे मागायला, यादी लागतेच.

एकटीने बसू नका. एक दिवस एक खोली. तुम्ही डोळे मिटून दारातून आत जा आणि बोला, लिहायचं काम दुसऱ्या कुणीतरी करायचं: मैत्रीण, यजमान, जाऊबाई व्हिडिओ कॉलवर. डाव्या हाताला काय, कपाटाच्या वरच्या फळीवर काय, ओट्याखालच्या कप्प्यात काय. स्वयंपाकघरात माणसं कुकर लिहितात आणि मसाल्याचा डबा, पोळपाट-लाटणं, पुरणयंत्र, साच्यांसकट सोऱ्या विसरतात. भारतातून आणलेल्या वस्तूंची तिथल्या बाजारातली किंमत लिहून थांबू नका. आज तीच वस्तू लॉस एंजेलिसच्या घरात आणून ठेवायला जे लागेल ते, वाहतुकीसकट, लिहा.

पुरावा तुमच्याकडे नाही असं तुम्हाला वाटतं, पण तो भारतात आहे. गौरी-गणपतीत, दिवाळीत, मुलीच्या वाढदिवसाला तुम्ही आईला, नणंदेला, शाळेच्या ग्रुपवर शेकडो फोटो पाठवले असतील. त्यांच्या फोनमध्ये ते आहेत. सगळ्यांना सांगा, आमच्या घरातले सगळे फोटो मूळ आकारात परत पाठवा, आरास कशी दिसते ते बघू नका, मागची भिंत बघा. आराशीच्या मागे सोफा असतो, औक्षणाच्या फोटोत आईची पैठणी नेसलेल्या तुम्ही असता, कोपऱ्यात टीव्हीचा आकारही दिसतो. कार्डाची जुनी बिलं, ऑनलाइन खरेदीची यादी, घर घेताना काढलेले दलालाचे फोटो, हे त्यात भर घालतात. हे काम करताना माणसं रडतात, हेही सांगून ठेवते. पण काहींना त्यात आपलं घर परत एकदा नीट बघायला मिळतं.

दागिन्यांबद्दल एक बारकावा. पुष्कळ पॉलिसींत दागिन्यांवर जी हजार-दीड हजार डॉलरची मर्यादा असते ती चोरीसाठी असते, आगीसाठी नाही. दावे हाताळणारा माणूस फोनवर सरसकट "मर्यादा आहे" म्हणाला असेल तर त्याला ओळ दाखवायला सांगा. शब्द "चोरी" असेल तर प्रकरण पुन्हा उघडायला लावा.

बाबांच्या पत्रांना बाजारभाव नाही आणि कुणी लावूही शकणार नाही. तरी त्यांची ओळ यादीत असू द्या: किती होती, कोणत्या सालांतली, कुठल्या पेटीत. मानसिक त्रासाचा मुद्दा निघेल तेव्हा "मला खूप वाईट वाटलं" या वाक्यापेक्षा ती एक ओळ जास्त बोलते. त्या त्रासासाठी समुपदेशकाकडे जात असाल तर त्याच्या नोंदीही ठेवा. जात नसाल तर आधी जा. दाव्यासाठी नाही, तुमच्यासाठी.

आणि तंबोरा. त्याची किंमत लावता येते, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करा. मिरजेत तंतुवाद्यं बनवणारी घराणी अजून काम करत आहेत. सासऱ्यांचा तंबोरा कुणाकडचा होता हे सासूबाईंना किंवा दिरांना आठवत असेल. त्या घराण्याला, नाहीतर दुसऱ्या कुणाला, फोटो पाठवा आणि तशाच भोपळ्याचा, तशाच नक्षीचा तंबोरा आज करायला किती लागेल, पेटीत बांधून विमानाने पाठवायला किती, याचं सही-शिक्क्याचं दरपत्रक मागवा. जुन्या वस्तूंना काही पॉलिसी वेगळा नियम लावतात, तेव्हा विमा कंपनी पूर्ण देईलच असं नाही, पण हातात कागद असेल. फोटोत सासरे तंबोरा लावत असतील तर तोच फोटो जोडा. या रविवारी एवढं एकच करा, आणि दरपत्रक आलं की मला कळवा.